पिशवीभर हवा

त्या माणसाचं वाटोळं व्हावं असं मला मनापासून वाटत होतं, हे मी अगोदरच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको, की बाई विज्ञानाच्या नावाखाली सूड उगवत होती. उगवत होते. विज्ञान हाताशी होतं म्हणून विज्ञान घेतलं. लाटणं हाताशी असतं तर लाटणं घेतलं असतं.

माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, होसकोट्याच्या इंडस्ट्रियल एरियात एका शेडमध्ये कामाला होता. आम्ही मूळचे निपाणीकडचे. बेंगळुरूला आधी तो आला, त्याच्यामागून शिकायला मी आले आणि शिकून झाल्यावर जे. पी. नगरजवळच्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागले. अण्णाच्या शेडमध्ये रंगाचे आणि थिनरचे जुने बॅरल यायचे. ते थिनरनेच आतून धुवायचे, घासायचे, वरून नवा रंग मारायचा आणि विकायचे. धुवायचं काम अण्णाकडे. शेडचा मालक सांगलीकडचा, म्हणजे आपलाच माणूस, आणि आम्ही जातो त्या मराठी मंडळाचा अध्यक्षही तोच. सगळे त्याला अध्यक्ष म्हणतात, मीही तेवढंच म्हणते. माझ्या मनातलं नाव इथे लिहिता येणार नाही.

अण्णा संध्याकाळी घरी यायचा तो झोकांड्या खात. जीभ जड, डोळे लाल, शब्द एकमेकांत अडकलेले. जेवण जायचं नाही. कधी कधी दारातच बसून राहायचा आणि बूट काढायचे राहून जायचे. सुटीच्या दिवशी मात्र अगदी बरा असायचा, आणि तेच त्याच्या अंगाशी आलं. गल्लीतले म्हणायचे, बघा, घरात बायकोच्या धाकात असला की पीत नाही, बाहेर सुटला की पितो.

आता आमचा अण्णा कसा, तर लग्नाच्या वरातीत बाकीचे नाचत असताना त्यांची पाकिटं सांभाळत उभा राहणारा. खोकल्याचं औषध घ्यायचं तरी त्यात अल्कोहोल आहे का, हे मला बाटलीवर वाचायला लावणारा. त्याला दारुडा म्हणणं म्हणजे गाईला वाघ म्हणणं. पण लोकांना काय, तोंडाला हात लावणारा कोण आहे?

लोकांचं सोडा. वहिनीला पटलं, हे खरं दुखणं होतं. वहिनी गोकाकजवळची, माहेर पक्कं कन्नड. लग्नानंतर मराठी शिकली आणि आमच्यापेक्षा शुद्ध बोलते, फक्त रागावली की कन्नडात शिरते. तिचे वडील दारूपायी गेले. लहानपणापासून तिने जे जे बघितलं होतं, पाय लटपटणं, तोंडातल्या तोंडात बोलणं, ताटावरून उठून जाणं, ते सगळं तिला अण्णात दिसायला लागलं. तो आला की ती आधी त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. थिनरचा उग्र भपकारा यायचा आणि ती म्हणायची, ही कसली नवीन दारू काढलीय कुणी. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांनीही पहिला प्रश्न तोच विचारला, पिता का, आणि नाही म्हटल्यावर वहिनीकडे बघून हसले.

शेवटी ती त्याला सौंदत्तीला घेऊन गेली. यल्लम्मापुढे भंडारा उचलून त्याने शपथ घेतली, की आजपासून दारूला शिवणार नाही. आमच्याकडे उचललेल्या भंडाऱ्याला फार मोल आहे, लोक भावकीचे तंटे त्याच्यावर मिटवतात. मी त्याला फोनवर फाडफाड बोलले, की जे कधी केलंच नाहीस ते सोडायची शपथ कसली घेतोस? तो म्हणाला, "तिला बरं वाटतंय, तर घेतो की. माझं काय जातंय?"

गेलं की. परत आला, कामावर गेला आणि पहिल्याच संध्याकाळी झोकांड्या खात घरात शिरला. तोवर तो वहिनीच्या लेखी नुसता दारुडा होता, आता देवीशी खोटं बोललेला दारुडा झाला. तिने स्वयंपाक केला, वाढला आणि त्याच्याशी बोलणं बंद केलं.

मग तो शेडमध्ये पडला. हातातला बॅरल पायावर आला, नख गेलं. अध्यक्षांनी त्याला टेंपोत घालून घरी पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः सफरचंदं घेऊन भेटायला आले. केवढा मोठेपणा! अण्णा आत निजला होता. अध्यक्ष बाहेरच्या खोलीत बसले आणि वहिनीला समजेल अशा भाषेत, अगदी बापाच्या मायेने म्हणाले, "निन्न गंड कुडीतानम्मा." तुझा नवरा पितो, बाई. नाइलाजाने कामावरून काढतोय, माझ्या बाकीच्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. वहिनीने त्यांना चहा केला. आत अण्णा जागा होता आणि त्याने सगळं ऐकलं.

एवढ्यावरही मी गप्प बसले असते असं नाही, पण कदाचित मला इतका चेव चढला नसता. गणपतीत मंडळाच्या स्टेजवरून अध्यक्ष व्यसनमुक्तीवर बोलले. म्हणाले, आपलीच गुणी माणसं बाटलीपायी वाया जातात, परवाच एकाला जड अंतःकरणाने घरी बसवावं लागलं. नाव घेतलं नाही. नाव कशाला घ्यायला पाहिजे, तिसऱ्या रांगेत पायाला बँडेज बांधून एकच माणूस बसला होता. माना वळल्या. अण्णा स्टेजकडेच बघत राहिला, आणि टाळ्या पडल्या तेव्हा त्यानेही वाजवल्या. त्या टाळ्या मी आजवर विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर मी त्याचे कामाचे कपडे बघायला मागितले. वहिनीने ते धुवायचं सोडून दिलं होतं, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मोरीमागे टाकले होते. पिशवी सोडली आणि तो भपकारा नाकात गेला. वहिनीला त्यात दारू दिसत होती. मला आमच्या लॅबमधलं काचेचं कपाट दिसलं. आम्ही आमचे जिवाणू तपासायला एक द्रव वापरतो, त्याची बाटली हातमोजे घालून, धूर ओढणाऱ्या पंख्याखालीच उघडायची असा आमच्याकडे दंडक आहे. तोच वास. जी बाटली आम्ही थेंबाथेंबाने, नाक लांब धरून वापरतो, तिच्यात माझा भाऊ दिवसभर डोकं खुपसून बॅरल घासत होता. ती वाफ माणसाच्या मेंदूवर जाते आणि माणूस प्यायल्यासारखाच दिसतो. रागाने माझे कान तापले.

आता हे जिवाणू काय ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. समुद्रात काही जिवाणू असतात ते आपले आपण चमकतात. त्यांची चमकायची जनुकं काढून आमच्याकडच्या साध्या, निरुपद्रवी जिवाणूंत बसवलेली आहेत, पण अशा रीतीने, की ठराविक विषारी वाफ जाणवली तरच ते उजळतील. त्यांना एका चिकट रसात घालून आम्ही मणी करतो, भिजलेल्या साबुदाण्याएवढे. ते काचेच्या नळीत भरायचे आणि नळीतून हवा सोडायची. हवा स्वच्छ असली तर मणी अंधारातच राहतात. वाफ असली तर थोड्या वेळाने निळसर हिरवे होतात, जितकी वाफ जास्त तितके ठळक. शहरातली हवा स्वस्तात तपासता यावी म्हणून हे सगळं चाललंय. आमच्या मॅडम म्हैसूरच्या, कडक बाई. त्यांचा नियम एकच, की बदल केलेले जिवाणू लॅबच्या दाराबाहेर जाणार नाहीत. तपासायची असेल तर हवाच पिशवीत भरून इथे आणायची. त्यासाठी खास न गळणाऱ्या पिशव्या आहेत, आणि हवा भरायला बीपीच्या यंत्राला असतो तसा हातात दाबायचा रबरी फुगा.

म्हणजे मला त्या शेडमधली पिशवीभर हवा हवी होती. निनावी तक्रार मी अगोदर करून बघितली होती. तपासायला सरकारी माणसं आली, पण ती येणार हे अध्यक्षांना आधीच कळलेलं. एरवी शेजारच्या युनिटवाल्यांनी वासाबद्दल बोंब मारू नये म्हणून खाली ओढलेली शटरं त्या दिवशी सताड उघडी होती. माणसं वारा खाऊन, चहा पिऊन गेली.

आयुधपूजेला मला संधी दिसली. इकडे त्या दिवशी प्रत्येक कारखान्यात पूजा असते, यंत्रांना हळदकुंकू, दाराला केळीचे खांब, उंबऱ्यावर फोडायला कोहळा, आणि कामगारांची बायकापोरं, ओळखीपाळखीचे, सगळ्यांना आमंत्रण. मंडळाचे सगळे जाणार होते. मीही जरीकाठाची साडी नेसून गेले, पर्समध्ये पिशवी आणि फुगा. अध्यक्षांनी हात जोडून स्वागत केलं, अण्णाची तब्येत विचारली आणि सुटली का, असं डोळ्यांनीच विचारलं. मी हसले. आरती चालू असताना गर्दीच्या मागे जाऊन बॅरल धुवायच्या ओट्यापाशी उभी राहिले आणि पदराआड फुगा दाबून दाबून पिशवी भरली. प्रसादाचे चुरमुरे खाल्ले, त्या माणसाच्या बायकोकडून कुंकू लावून घेतलं आणि विजयी मुद्रेने लॅबवर आले.

मणी अंधारातच राहिले. नळी बदलली, पुन्हा केलं. ठार काळोख. मी रडायच्या बेताला आले. मॅडमनी विचारलं, हवा भरली तेव्हा तिथे काय काम चाललं होतं? मी म्हटलं, काम कसलं, आयुधपूजा होती. आणि म्हणताम्हणताच कपाळावर हात मारून घेतला. पूजेसाठी आदल्या दिवशी सगळी शेड धुऊन काढलेली, बॅरल अंगणात रचलेले, यंत्रं बंद, शटरं उघडी. वर्षातला एकच दिवस त्या शेडमध्ये माणसाला श्वास घेता येतो, आणि मी बरोबर त्याच दिवशी हवा भरून आणली. मॅडम बिचाऱ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, कामाच्या दिवशीची आण, आणि पुरेशी आण, आपण यंत्रावरही आकडा काढू, म्हणजे तक्रारीला बळ येईल.

कामाच्या दिवशी मला कोण आत सोडणार? हे मी अण्णापाशी नुसतं बोलले, सुचवायचं म्हणून नव्हे. घरी बसून त्याची तब्येत सुधारली होती, फक्त हात थोडे थरथरायचे. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी जातो."

तो गेला, कामावर परत घ्या म्हणून. अध्यक्षांनी त्याला पहिल्यांदा फाटकावरूनच परत पाठवलं. दुसऱ्यांदा दुपारभर बाहेर उभं केलं. मग आत बोलावून सगळ्या माणसांसमोर म्हणायला लावलं, की चुकलो, प्यायचो, यापुढे पिणार नाही. अण्णा म्हणाला तसं. हे त्याने मला सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता. यल्लम्मापुढे बायकोच्या समाधानासाठी बोलला होता, इथे पिशवीभर हवेसाठी बोलला. मी त्याला म्हटलं, अण्णा, मी त्या माणसाला सोडत नाही. तो म्हणाला, आधी पिशवी दे.

वहिनीला आम्ही पिशवीचं सांगितलं नाही, कामावर परत घेतलंय एवढंच सांगितलं. सांगितलं असतं आणि तिला पटलं असतं, तर तिने त्याला उंबरा ओलांडू दिला नसता, आणि तिचं बरोबरच होतं.

बॅरल धुताना, शटर खाली असताना, मुकादमाची पाठ फिरली असताना हवा भरायची, तर संधी मिळेपर्यंत काही दिवस गेले. मग एका दुपारी अण्णा डब्याच्या पिशवीत ती फुगलेली पिशवी घेऊन बसने माझ्याकडे निघाला. कंडक्टरने विचारलं, पिशवीत काय? अण्णा म्हणाला, गाळी. गाळी म्हणजे हवा. बोलताना जीभ अडखळली, त्यात हे उत्तर. कंडक्टरला वाटलं, स्वारी दुपारीच टाकून आलीय. सगळी बस हसली, असं अण्णाच मला सांगत होता आणि तोही हसत होता. लॅबच्या बाकावर बसूनसुद्धा तो एका बाजूला कलत होता.

ती हवा सोडली आणि मणी असे पेटले, की मी डोळे मिटून पुन्हा उघडले. मॅडमनी यंत्राचा आकडा काढला आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, तुझ्या भावाला उद्यापासून तिथे पाठवू नकोस. आकड्यासकट, पण आमची नावं गुप्त ठेवून तक्रार गेली, अध्यक्षांपर्यंत तिचा कागद पोचायला अवकाश होता, ती रीतसर चालू आहे, आणि तिचं काय व्हायचं ते होईल. मला त्यात फारसा रस नव्हता. दंड भरून मोकळा होणारा माणूस तो. अण्णा टाळ्या वाजवत बसला होता, त्याचा दंड कोण भरणार?

थंडीत आमच्या लॅबचा ओपन डे असतो, लोकांना बोलावून काम दाखवायचं. या वेळी मी मॅडमना सुचवलं, लोकांनी आपापल्या घरची हवा भरून द्यावी आणि येऊन बघावी. त्यांना कल्पना आवडली. एकच अट घातली, नळ्यांवर नुसते क्रमांक, कुणाचं नाव नको. मी कबूल केलं. मंडळात निरोप दिला तर सर्जापूर रोडवरची पुण्या-मुंबईची आयटीतली जोडपी नाचायला लागली, आमच्या बाल्कनीची एअर क्वालिटी बघू या म्हणून. अध्यक्षांकडे मी स्वतः गेले. म्हटलं, उद्घाटन तुमच्याच हस्ते झालं पाहिजे. कोल्हा काकडीला राजी. त्यांनी आपल्या देवघरातली हवा भरून दिली.

शेडमधली हवाही मला ताजीच हवी होती, पिशवीत ती दिवसाच्या वर टिकत नाही. मी अण्णाला काम सोड म्हणून विनवलं. तो ऐकेना. म्हणाला, ओपन डेपर्यंत थांबतो, दुसरी पिशवी मीच आणतो. आमच्या मऊ अण्णाला असं हट्टाला पेटलेलं मी पहिल्यांदा बघत होते. पण रोज तो लटपटत घरी येत होता आणि वहिनी ते बघत होती. एके दिवशी मी गेले तर तिने बॅग भरलेली. गोकाकला निघाले म्हणाली, कायमची. आईने जे सोसलं ते मी सोसणार नाही. माझ्या तोंडापर्यंत सगळं आलं होतं, पण कितीही सांगितलं तरी ती म्हणाली असती, बहीणच ती, भावाचीच बाजू घेणार. मी तिचे हात धरले आणि म्हटलं, जा, अडवत नाही. फक्त शनिवारी माझ्या लॅबवर ये, तिथूनच स्टेशनवर जा. ती कशीबशी सरी म्हणाली, म्हणजे बरं.

शनिवारी सकाळी ती बॅग घेऊनच आली. अण्णा आदल्या संध्याकाळी दुसरी पिशवी देऊन गेला होता, तोही आला आणि तिच्यापासून लांब उभा राहिला.

मणी बघायचे तर खोली मिट्ट काळोखी लागते. खिडक्यांना काळा कागद, दाराला दुहेरी काळा पडदा, आणि मोबाइल बाहेर ठेवायचे, कारण एका पडद्याच्या उजेडानेही डोळे बिघडतात. मंडळाची माणसं दाटीवाटीने आत उभी राहिली. दिवा घालवला. डोळे सरावेपर्यंत कुजबुज, कुणाचा तरी पाय कुणावर तरी. मी एवढंच सांगितलं होतं, की हवेत काही जाणवलं की हे जीव उजेडाने ओ देतात. काय जाणवलं की, ते मी मुद्दाम सांगितलं नव्हतं.

हळूहळू नळ्या दिसायला लागल्या. बहुतेक काळ्याच, दोनतीन जेमतेम धुरकट. आणि टोकाची एक असली उजळली होती, की जवळ उभ्या असलेल्यांच्या हाताची बोटं दिसत होती. सगळे अरे वा, अरे वा करायला लागले. अध्यक्षांचा आवाज सगळ्यांच्या वर. म्हणाले, क्या बात है, पहिला नंबर हिचाच, हिला मंडळातर्फे बक्षीस जाहीर करतो, ही कुठली हवा, सांगा बघू!

मॅडमची अट मी पाळली होती, नळीवर नाव नव्हतं. पण विचारलंच तर काय करणार? मी म्हटलं, "तुमच्या शेडमधली. अण्णा बॅरल धुतो तिथली. आणि हे जीव विषाला चमकतात."

एका मुलीने, सर्जापूर रोडवरच्याच, विचारलं, काका, तिथे माणसं दिवसभर काम करतात? अध्यक्ष म्हणाले, हा चावटपणा आहे, कुणी भरली ही हवा? कोपऱ्यातून अण्णा म्हणाला, मी. अध्यक्ष म्हणाले, याचं काय ऐकता, हा तर... आणि थांबले. कारण मॅडम बोलायला लागल्या होत्या. त्यांनी आपल्या थंड आवाजात, इंग्रजीत सांगितलं, ही वाफ श्वासातून गेली तर माणसाचा तोल जातो, जीभ जड होते, भूक मरते, तो दारू प्यायल्यासारखा वागतो, सुटीच्या दिवशी बरा होतो, आणि फार दिवस घेतली तर हातांची थरथर कायमची राहते. वहिनीला इंग्रजी जेमतेम समजतं, म्हणून मी प्रत्येक वाक्य मराठीत सांगत गेले. माझ्या डाव्या बाजूला बॅग खाली ठेवल्याचा आवाज आला.

"लाइट लावा," अध्यक्ष म्हणाले.

दिव्याचं बटण माझ्या बोटाखाली होतं. मी म्हटलं, लावते, आधी एक सांगा. अण्णाला तुम्ही पिताना बघितलं होतं का? ते म्हणाले, माणसं सांगत होती. मी म्हटलं, माणसांचं नाही, तुमचं विचारते. गर्दीत कुणी खोकलं. ते म्हणाले, नाही, बघितलं नाही. मग तो प्यायचा का? म्हणाले, नसेल पीत. मी म्हटलं, नसेल की नव्हता? बाहेर मोबाइल, आत काळोख, कुणाकडे काही पुरावा राहणार नाही, बाहेर गेल्यावर फिरवता येईल, असा हिशेब त्यांच्या डोक्यात झाला असणार. पटकन म्हणाले, "नव्हता. पीत नव्हता. झालं समाधान? लावा आता."

खरं सांगते, मला तेवढ्याने झालं असतं. मंडळासमोर बोलले, मंडळासमोर गिळलं. मी बटण दाबणारच होते.

"थांब," अण्णा म्हणाला. या वेळी त्याची जीभ अडखळली नाही. "अध्यक्ष, माझ्या बायकोला तुम्ही कन्नडात सांगितलं होतंत. मी आत जागा होतो. आता कन्नडात सांगा."

अध्यक्षांनी घसा खाकरला आणि पुटपुटल्यासारखं म्हणाले, "निन्न गंड कुडियोदिल्लम्मा." तुझा नवरा पीत नाही, बाई.

मी बोट बटणावर टेकवलं. तेवढ्यात माझ्या शेजारून वहिनीचा आवाज आला, रडवा नाही, चढा नाही, दुकानदाराला भाव विचारावा तसा.

"इन्नोम्मे हेळ्री," ती म्हणाली. पुन्हा एकदा सांगा.

मी बटणावरचं बोट काढून घेतलं. म्हटलं, वहिनीचं पोट भरू दे.